लॅपटॉपला मॉनिटर जोडला तर सी-टाइपवर चित्रच नाही, एचडीएमआयवर मधेच काळं होतंय. काय करू?

कृष्णाकाठ · सोमवार रात्री

नमस्कार मंडळी, जरा घाईत लिहितेय, मदत हवीय. मी सांगलीत घरूनच अकाउंटिंगचं काम करते, माझ्याकडे सात-आठ हळदीचे आणि बेदाण्याचे व्यापारी आहेत, त्यांची पुस्तकं आणि जीएसटी. १४ इंची लॅपटॉपवर एकीकडे टॅली आणि एकीकडे एक्सेल लावून बिलं जुळवताना डोळे दुखून येतात म्हणून गेल्या आठवड्यात २७ इंची ४के मॉनिटर घेतला, साठवलेल्या पैशातून घेतलाय म्हणून जीव जास्तच लागलाय त्यात.

आता प्रॉब्लेम असा की मॉनिटरला सी-टाइप आहे, लॅपटॉपला पण दोन सी-टाइप आहेत, केबल लावली की लॅपटॉप चार्ज व्हायला लागतो, चिन्ह येतं, पण मॉनिटरवर "नो सिग्नल". एचडीएमआयने लावलं तर चित्र येतं पण माउस ओढल्यासारखा चालतो, जड जड, आणि दिवसातनं चार-पाच वेळा अख्खी स्क्रीन दोन-तीन सेकंद काळी होऊन परत येते आणि आली की सगळ्या विंडो लॅपटॉपच्या स्क्रीनवर गोळा झालेल्या असतात. मधेच एंट्री करताना असं झालं की कुठपर्यंत आले होते तेच कळत नाही.

इथल्या एका दुकानात लॅपटॉप दाखवला, त्यांनी पाच मिनिटं बघून सांगितलं मदरबोर्डचं काम आहे, चार दिवस ठेवून जा. २० तारखेच्या आत थ्री-बी (जीएसटीचे रिटर्न) भरायचेत सगळ्यांचे, चार दिवस लॅपटॉप कसा ठेवू? लॅपटॉप आठ महिन्यांचा आहे, विंडोज ११. खरंच मदरबोर्ड गेला असेल का?

ऋतुगंध

विंडोज आणि पी एकदम दाबून एक्स्टेंड निवडलंय का? आणि मॉनिटरच्या मागच्या बटणातून इनपुट सोर्स सी-टाइपवर नेऊन बघा, काही मॉनिटर ऑटोवर असले तरी स्वतःहून बदलत नाहीत. माझ्याकडे दोन्ही वेळा तेच निघालं होतं.

कृष्णाकाठ

हो ते दोन्ही केलं, डिटेक्ट बटण पण दाबून झालं. सी-टाइपवर डिस्प्ले सेटिंगमधे दुसरा मॉनिटर दिसतच नाही.

घाटमाथा · मंगळवार सकाळी

ताई, आधी एक सांगतो, लॅपटॉप कुठेही ठेवून जाऊ नका. एचडीएमआयने चित्र येतंय म्हणजे लॅपटॉपची ग्राफिक्सची बाजू जिवंत आहे. मी ऑफिसमधे शंभरेक लोकांची टेबलं सांभाळतो आणि तुमच्यासारख्या दहा तक्रारींत नऊ वेळा केबल नाहीतर पोर्ट निघतं.

तुमच्या एका तक्रारीत मला तीन वेगळ्या तक्रारी दिसतायत, त्या एकत्र बघितल्या म्हणून मदरबोर्डवर गाडी गेली.

पहिली सी-टाइपची. सी-टाइप हे फक्त भोकाच्या आकाराचं नाव आहे. आतून काय जातं ते पोर्टागणिक आणि केबलीगणिक वेगळं. चित्र जायला पोर्टात डिस्प्लेपोर्ट ऑल्ट मोड नावाची सोय लागते आणि ती लॅपटॉपच्या सगळ्या पोर्टांत असतेच असं नाही, बऱ्याच लॅपटॉपवर दोन सारखी भोकं असतात आणि व्हिडिओ एकातूनच निघतो. पोर्टाशेजारी बारीक चिन्ह बघा, टॉर्च लावून बघा कारण राखाडीवर राखाडी छापलेलं असतं. डी आणि पी एकमेकांत गुंतवलेलं चिन्ह असेल किंवा विजेचा बाण असेल तर व्हिडिओ निघतो. नुसतं बॅटरीचं किंवा प्लगचं चिन्ह असेल तर खात्री नाही. चिन्ह कधीकधी छापतच नाहीत, मग कंपनीच्या साइटवर तुमच्या मॉडेलचं स्पेसिफिकेशनचं पान काढा आणि त्यात डिस्प्लेपोर्ट हा शब्द शोधा.

आणि केबल कुठली वापरताय? फोनच्या चार्जरची असेल तर तिथेच अडलंय. सी-टाइपच्या तोंडात २४ पिना असतात पण चार्जिंगच्या केबलमधे त्यातल्या मोजक्याच जोडलेल्या असतात, वीज आणि यूएसबी २.० चा ४८० एमबीपीएस डेटा. चित्र ज्या जोड्यांवरून जातं त्या तारा त्या केबलमधे घातलेल्याच नसतात. म्हणून चार्जिंग व्यवस्थित आणि चित्र शून्य, अगदी तुम्ही लिहिलंय तसंच.

दुसरी, माउस जड. ४के म्हणजे ३८४० गुणिले २१६०, जवळपास ८३ लाख ठिपके. ते सेकंदाला ६० वेळा पाठवायचे तर एचडीएमआय २.० लागतं, १८ जीबीपीएसचं. लॅपटॉपचं पोर्ट १.४ असेल तर त्याची धाव १०.२ जीबीपीएस, त्यात ४के फक्त ३० वेळा बसतं. २.० हे २०१३ ला आलं पण स्वस्त आणि मधल्या किमतीच्या लॅपटॉपवर १.४ अजून देतात. सेटिंग्ज, सिस्टीम, डिस्प्ले, त्यात खाली अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्ले, तिथे ३० हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला ३० वेळा, दिसलं की समजा हेच आहे. यात काही बिघडलेलं नाही, रस्ताच तेवढा आहे. तोपर्यंत काम अडू नये म्हणून रिझोल्यूशन २५६० गुणिले १४४० करा आणि ६० हर्ट्झ निवडा, ते १.४ मधून आरामात जातं. अक्षर किंचित मऊ दिसेल पण माउस हलका होईल, २० तारखेपर्यंत एवढं पुरेल.

तिसरी, काळं होणं. यावर मला अजून माहिती पाहिजे. एचडीएमआय केबल किती लांबीची आहे, कुठून आणली, आणि काळं होतं त्याच वेळी घरात काय चालू-बंद होतं? दोन दिवस वही घेऊन वेळ लिहून ठेवा. हे कंटाळवाणं आहे पण याच्याशिवाय सगळे अंदाज.

बारा_गावचं_पाणी

वरचं सगळं बरोबर, फक्त ड्रायव्हर, म्हणजे ग्राफिक्स चालवणारं सॉफ्टवेअर, पण बघून घ्या. डिव्हाइस मॅनेजर उघडून डिस्प्ले अ‍ॅडाप्टर्समधे मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अ‍ॅडाप्टर असं दिसलं तर ड्रायव्हर उडालाय, लॅपटॉपच्या कंपनीच्या साइटवरून घालायचा. माझ्या गेमिंग लॅपटॉपचं एचडीएमआय थेट वेगळ्या ग्राफिक्स कार्डाला जोडलेलं आहे, एका अपडेटनंतर त्या कार्डाचा ड्रायव्हर बंद पडला आणि लॅपटॉपची स्वतःची स्क्रीन एकदम ठीक, बाहेरचा मॉनिटर मेलेला. दोन दिवस केबली बदलत होतो. विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी चारही एकदम दाबलं की ग्राफिक्स ड्रायव्हर नव्याने चालू होतो, स्क्रीन लुकलुकते, उघडलेलं काम जात नाही. ते करून बघायला काही लागत नाही.

फळा_खडू

मधेच घुसतोय, माफ करा, पण विषय जवळचाच आहे. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. शाळेत जुना प्रोजेक्टर आहे, त्याला फक्त व्हीजीए, निळं तोंड. नवीन लॅपटॉपला व्हीजीए नाही. तालुक्याहून एचडीएमआय व्हीजीए कन्व्हर्टर आणला, लावला, काहीच येत नाही. दुकानदार म्हणतो प्रोजेक्टर गेला. पण जुन्या डेस्कटॉपवर तोच प्रोजेक्टर चालतो. पोरं रोज विचारतात सर कधी लावणार.

घाटमाथा

सर, कन्व्हर्टरवर इनपुट कुठल्या बाजूला लिहिलंय ते वाचा. एचडीएमआय डिजिटल, व्हीजीए अ‍ॅनालॉग, मधे एक चिप बसून भाषांतर करते आणि ती एकाच दिशेने करते. एचडीएमआयकडून व्हीजीएकडे जाणारा वेगळा आणि व्हीजीएकडून एचडीएमआयकडे जाणारा वेगळा, दिसायला जवळजवळ जुळे, दुकानात सर्रास उलटा देतात. तुम्हाला पाहिजे तो लॅपटॉपच्या एचडीएमआयमधे घुसणारा आणि दुसऱ्या टोकाला व्हीजीएची मादी असलेला.

दिशा बरोबर असली तरी चित्र नसेल तर कन्व्हर्टरला बाजूला एक बारीक यूएसबीचं भोक असतं, त्याला वीज द्या, काही लॅपटॉपच्या एचडीएमआयमधून मिळणारी वीज त्याला पुरत नाही. आणि लॅपटॉपवर रिझोल्यूशन १०२४ गुणिले ७६८ करून बघा, जुने प्रोजेक्टर बहुतेक तेवढेच असतात, त्याच्या वरचं पाठवलं की "आउट ऑफ रेंज" म्हणून गप्प बसतात. आवाज व्हीजीएतून जात नाही, तो कन्व्हर्टरच्या छोट्या ऑडिओच्या भोकातून किंवा लॅपटॉपमधून स्पीकरला वेगळा न्यावा लागेल.

पुणे_ते_म्युनिक

धागा वाचतोय म्हणून विचारतो. ऑफिसने मॅकबुक एअर एम१ दिलाय, घरी डॉकवर (एका सी-टाइपमधून बरीच पोर्ट देणारा डबा) दोन मॉनिटर लावले तर दोन्हीवर एकच चित्र येतं. पुण्यातल्या टीममेटचा विंडोज लॅपटॉप मी मागच्या वेळी तसल्याच डॉकवर बघितलाय, त्याला दोन वेगळे येतात. डॉक बदलायचा का?

बारा_गावचं_पाणी

डॉक ठीक आहे, साधा एम१ असलेला एअर एकच बाहेरचा मॉनिटर चालवतो, ती चिपचीच मर्यादा आहे. आणि एका सी-टाइपमधून दोन मॉनिटर वेगळे करायची एमएसटी नावाची जी पद्धत आहे ती विंडोज वापरतं, मॅकओएस त्या पद्धतीने दोन वेगळे पडदे देत नाही, म्हणून दोन्हीवर एकच. डिस्प्लेलिंकवाला डॉक घेतला तर दोन होतील पण त्याचं सॉफ्टवेअर घालावं लागतं, आणि ऑफिसचा लॅपटॉप असेल तर आधी आयटीला विचारा. त्याच्यावर कोडिंग-ईमेलला काही अडत नाही, व्हिडिओ एडिटिंगला मी वापरणार नाही.

कृष्णाकाठ · मंगळवार रात्री

घाटमाथा दादा, खूप खूप आभार, १४४० आणि ६० हर्ट्झ केलं, माउस एकदम हलका झाला! दोघांचे रिटर्न आजच जुळवून झाले. आधी खरंच ३० हर्ट्झ दिसत होतं.

तुमच्या प्रश्नांची उत्तरं. सी-टाइप केबल फोनचीच होती. लॅपटॉपच्या डाव्या पोर्टाशेजारी ते डी-पीचं चिन्ह आहे, उजव्याजवळ फक्त प्लगसारखं काहीतरी, आणि मी उजव्यातच लावत होते कारण मॉनिटर त्या बाजूला आहे. फोनची केबल डावीकडे लावून बघितली, तरी चित्र नाही. एचडीएमआय केबल ५ मीटरची आहे, टीव्हीच्या सेट-टॉप बॉक्सला होती ती, कारण मॉनिटरसोबतची आखूड पडते. ड्रायव्हर व्यवस्थित आहे, बेसिक वगैरे काही नाही.

काळं कधी होतं त्याची नोंद आजपासून सुरू केलीय. सकाळी ६:४० ला झालं, नळाला पाणी आलं म्हणून आईंनी मोटर चालू केली तेव्हा. मग ९ च्या आसपास, मिक्सर. दुपारी एकदा काहीच चालू-बंद नव्हतं, मी फक्त खुर्चीवरून उठले होते.

वायरमन_इचलकरंजी · बुधवार

खुर्ची वाचली म्हणून लिहितोय. ताई ती खुर्ची दांडा वरखाली होणारी, गॅसची आहे का? त्या खुर्चीवरून माणूस उठला-बसला की स्थिर विजेची बारीक ठिणगी पडते, ती डोळ्याला दिसत नाही पण जवळची केबल कमजोर असेल तर तिच्यात घुसते आणि मॉनिटर सिग्नल सोडून देतो. लोकांना खोटं वाटतं, मी कारखान्याच्या ऑफिसात स्वतः उठून-बसून दाखवलंय. मोटर आणि मिक्सरचं पण तेच, चालू होताना झटका मारतात. ५ मीटरच्या केबलीत सिग्नल आधीच थकलेला असतो, त्यात हा झटका.

पण मला काळजी दुसरी आहे. चांगलं अर्थिंग असलेल्या घरात हे एवढ्या वेळा होत नाही. मला एवढंच सांगा, चार्जिंगला लावलेलं असताना लॅपटॉपच्या पत्र्यावरून मनगट फिरवलं की मुंग्या आल्यासारखं, गुणगुणल्यासारखं लागतं का? आणि मॉनिटरची तीन पिनी वायर कशात घातलीय, भिंतीतल्या सॉकेटात का दोन पिनी एक्स्टेंशनात?

कृष्णाकाठ

लागतं! मला वाटायचं सगळ्याच लॅपटॉपला तसं असतं. मॉनिटर एक्स्टेंशन बोर्डात आहे, तो बोर्ड भिंतीतल्या सॉकेटात, पण बोर्डाच्या वायरला दोनच पिना आहेत.

वायरमन_इचलकरंजी

मग सापडलं. तीन पिनी सामानाच्या आत, चार्जर असो मॉनिटर असो, विजेतून आलेला कचरा, म्हणजे नको असलेले बारीक झटके, अर्थिंगमधे सोडायला बारीक कपॅसिटर बसवलेले असतात, एक फेजकडून, एक न्यूट्रलकडून. अर्थिंग जोडलेलंच नसेल तर ते दोघं मिळून पत्रा २३० च्या निम्म्यावर, ११५ व्होल्टच्या आसपास लटकवून ठेवतात. करंट अगदी थोडा असतो म्हणून मुंग्या येतात, टेस्टर लावला तर पेटतो. तुमचा मॉनिटर असा लटकलेला, त्याला केबलीने जोडलेला लॅपटॉप पण लटकलेला, आणि वरनं मोटरचा झटका. सिग्नल त्यात कसा टिकणार.

दोन पिनी बोर्ड आजच काढून टाका, तीन पिनी जाड वायरचा घ्या. पण भिंतीतल्या सॉकेटच्या वरच्या मोठ्या भोकात अर्थिंग खरंच पोचतंय का ते कळलं पाहिजे, जुन्या घरात भोक असतं आणि मागे तारच नसते. ते स्वतः उघडून बघू नका, माणूस बोलवा, तो फेज आणि अर्थिंगमधे दिवा लावून दोन मिनिटात सांगेल, पूर्ण उजेडात पेटला पाहिजे. आणि हो, पत्रा गुणगुणत असताना एचडीएमआय काढू-घालू नका, पोर्ट त्यानेच जातात. आधी दोन्ही सामानाचे प्लग काढा, मग केबल जोडा, मग वीज.

घाटमाथा

वायरमन दादांनी सांगितलेलं सगळं मान्य, ते माझ्या डोक्यात आलं नव्हतं. ताई नवीन सी-टाइप केबल घेताना बॉक्सवर दोन गोष्टी वाचा, ४के ६० हर्ट्झ व्हिडिओ आणि १० जीबीपीएस किंवा वर. नुसतं "१०० वॅट फास्ट चार्जिंग" लिहिलेली घेऊ नका, ती जाड असली तरी बऱ्याचदा आतून चार्जिंगचीच असते. लांबी १ मीटरच, जास्त नको, टेबल सरकवा पण केबल लांब घेऊ नका.

फळा_खडू

उलटाच कन्व्हर्टर दिला होता! बदलून आणला, यूएसबीची वीज दिली, रिझोल्यूशन कमी केलं आणि आज चौथीच्या वर्गात सूर्यमाला दाखवली. पोरांनी शनीची कडी बघून टाळ्या वाजवल्या. मनापासून आभार.

कृष्णाकाठ · रविवार

सविस्तर लिहितेय कारण कोणाला तरी उपयोग होईल. केबल साडेआठशेला मिळाली, १ मीटरची. घरी आल्या आल्या सवयीने उजव्या पोर्टात लावली आणि नो सिग्नल. पोटात गोळाच आला, वाटलं दुकानवाला म्हणतो तेच खरं. मग तुमचा रिप्लाय परत वाचला, डावीकडे लावली आणि पुढच्या सेकंदाला चित्र, पूर्ण ४के, ६० हर्ट्झ. म्हणजे माझी केबल पण चुकीची होती आणि पोर्ट पण चुकीचं, त्यामुळे एकच बदललं की काहीच फरक पडत नव्हता आणि मला वाटायचं ते कारण नाहीच. चारही जोड्या लावून बघितल्याशिवाय कळलं नसतं. आता त्याच एका केबलमधून लॅपटॉप चार्ज पण होतो, चार्जर कपाटात गेला.

तरी गुरुवारी सकाळी मोटर लावली आणि एकदा काळं झालंच, मॉनिटर तेव्हा अजून जुन्या बोर्डातच होता. दुपारी इलेक्ट्रिशियन काका आले, त्यांनी दिवा लावून बघितला तर भिंतीतल्या सॉकेटात अर्थिंगची तार होती पण स्क्रूमधून सुटून मागे लोंबत होती, दिवा पेटलाच नाही. ती कसली, नवीन तीन पिनी बोर्ड आणला, आता पत्र्यावर मनगट फिरवलं तर काहीच लागत नाही. गुरुवार संध्याकाळपासून आजपर्यंत एकदाही काळं झालेलं नाही, मोटर, मिक्सर, खुर्ची, सगळं करून बघितलं, खुर्चीवरून तर मुद्दाम वीसेक वेळा उठले-बसले. सातपैकी पाच जणांचे थ्री-बी भरून झाले.

एकच राहिलं, लॅपटॉप मिटला की मॉनिटर पण झोपतो, त्याला काय करायचं?

ऋतुगंध

कंट्रोल पॅनल, पॉवर ऑप्शन्स, डावीकडे "चूज व्हॉट क्लोजिंग द लिड डज", त्यात प्लग्ड इनखाली डू नथिंग. आणि डिस्प्ले सेटिंगमधे मल्टिपल डिस्प्लेजखाली विंडोंच्या जागा लक्षात ठेवायची टिक आहे ती चालू असू दे, मॉनिटर परत आला की विंडो आपापल्या जागी जातात.

वायरमन_इचलकरंजी

ताई छान झालं. पण एका सॉकेटात तार सुटलेली सापडलीय म्हणजे बाकीचे पण त्याच हाताने जोडलेले असणार. गिझर, फ्रिज आणि ती पाण्याची मोटर, हे तीन आधी तपासून घ्या. तिथे मुंग्यांवर भागत नाही.

कृष्णाकाठ

तुमचा मेसेज वाचून काकांना लगेच फोन केला, ते आत्ताच बघून गेले. फ्रिजचं ठीक आहे, मोटरचं ठीक आहे, गिझरच्या सॉकेटला अर्थिंगची तारच नाही. घर घेतल्यापासून अकरा वर्षं आम्ही सगळे तो वापरतोय. उद्या सकाळी ते बोर्डापासून नवीन तार ओढणार आहेत, तोपर्यंत गिझरचं बटण बंद करून वर चिकटपट्टी लावलीय आणि आई चुलीवर पाणी तापवतायत.